सत्याच्या सॅकमधले माझे तांदूळ

ट्रेकवाल्या पोरांनो, सारखं विचारता ना, बूट कुठले घेऊ, सॅक कुठली घेऊ? आज मुलुंडला सत्याकडे गेलो होतो. माझा जुना ट्रेकवाला दोस्त, आता अंथरुणाला खिळलाय.

पंचाऐंशी साली आम्ही सहा जण सह्याद्रीत दहा दिवस चाललो. सगळे सांगत होते, जुने बूट घाल. मी मिरवायला कोरे करकरीत चामड्याचे घातले. तिसऱ्या दिवशी टाचा सोलवटल्या. लाजेपोटी बोललो नाही. पहाटे सगळे झोपलेले बघून माझ्या वाट्याची तांदळाची पिशवी सत्याच्या सॅकमध्ये सरकवली.

सत्या चकार शब्द न काढता ती घेऊन चालला. पिशव्या सगळ्यांच्या सारख्याच. मला वाटलं, कोणाची ते त्याला कळलंच नाही.

आज त्याचा हात धरून सांगून टाकलं.

"माहीत आहे रे. मी जागा होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझ्या टाचा बघितल्या होत्या मी. बोललो असतो तर पिशवी परत घेतली असतीस तू."

पोरांनो, बूट जुने घाला, सॅक कुठलीही चालेल. पण तुमचं ओझं ज्याने गुपचूप वाहिलं, त्याच्याकडे जायला तुम्हीही चाळीस वर्षं लावणार का?