पाकिटातलं इयान
इकेरे गावात इया फोलुसोच्या खानावळीला पाटी नव्हती आणि तिची गरजही नव्हती. बाराच्या सुमाराला मागच्या अंगणातून मुसळाचा आवाज सुरू झाला की गल्लीतली माणसं आपोआप बाकांवर येऊन बसायची. उकडलेलं कोनफळ उखळात कांडून कांडून त्याचा पांढराशुभ्र, लुसलुशीत गोळा करायचा, की झालं इयान. सोबत बियांचं झणझणीत कालवण. फोलुसोची आई, म्हणून इया फोलुसो, गेली तीस वर्षं एवढंच रांधत होती. पण त्याचा तिला ताठा असा, की विचारू नका.

गाडीतळावरची इया कुनले मात्र पाकिटातलं पीठ गरम पाण्यात ढवळून इयान करायची. "त्याला इयान म्हणतात होय? पोस्टर चिकटवायची खळ ती!" इया फोलुसो चारचौघांत म्हणायची. इया कुनले बिचारी ऐकून घ्यायची. बोलणार काय? सगळं गाव उखळाच्या बाजूचं!

आणि नवीन कोनफळं बाजारात आली, नेमका तेव्हाच इया फोलुसोचा उजवा खांदा गेला. हात कानाच्या वर जाईना. शेकून झालं, चोळून झालं, इंजेक्शनं झाली. कांडायला दोन गडी ठेवून पाहिले. एकाच्या इयानात गुठळ्याच गुठळ्या, दुसऱ्याचं अर्धं लक्ष फोनमध्ये. दोघांनाही तिनं आठवड्याच्या आत हाकललं. लागोसहून मुलाचा फोन आला.

"आई, पाकीट आण आणि मोकळी हो. कोणाला कळतंय?"

"कोणाला कळतंय म्हणे! मेल्या, याच हातांनी कांडून तुला वाढवला. निदान तुला तरी कळायला हवं होतं!" तिनं फोन आपटला.

पण दुसऱ्याच दिवशी डोक्याला फडकं गुंडाळून ती गुपचूप आकुरे शहराच्या बसमध्ये बसली. इकेरेत पाकीट घेताना कोणी पाहिलं असतं, तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मग सुरू झालं नाटक. दार लावून घ्यायचं, चुलीवर पीठ ढवळायचं, पाकीट पोत्याखाली दडवायचं. आणि अंगणात येऊन उखळात कोनफळाच्या चार फोडी टाकायच्या नि डाव्या हातानं घाल मुसळ, नुसत्या आवाजासाठी! त्या फोडी नंतर बकरीला.

पहिल्या दिवशी तिनं ताटं बाहेर नेली. आता कोणीतरी पहिला घास थुंकणार, आणि तीस वर्षांच्या नावाची माती होणार. ती दाराआड उभी राहून एकेकाचं तोंड बघत राहिली. सगळ्यांनी बोटं चाटली. एक ड्रायव्हर ओरडून म्हणाला, "इया, आज काय मऊ केलंयस! गुठळी म्हणून औषधाला नाही!"

हायसं वाटायला हवं होतं ना? छे! तिला आत बसवेना की बाहेर बसवेना. तेच बाक तिनं तीनदा पुसलं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. धरले जाण्याची धास्ती होतीच, पण आता तिला दुसरंच काहीतरी कुरतडायला लागलं. कोणालाच कळत नाही? एकालाही? मग आपण इतकी वर्षं कशासाठी मरत होतो?

एकच माणूस उरला होता, ओमोतोशो मास्तर. शाळेचे निवृत्त हेडमास्तर. पहिल्या घासात कोनफळ कुठल्या शेतातलं ते सांगतो, अशी त्यांची ख्याती, म्हणजे त्यांनीच पसरवलेली. ते पंधरा दिवस मुलीकडे गेले होते. त्यांची तिला धडकी भरली होती, आणि वाटसुद्धा ती त्यांचीच बघत होती.

शुक्रवारी मास्तर आले. हात धुतले, घास मोडला, डोळे मिटले.

"हं! इसे गावाच्या वरच्या शेतातलं आहे हे. मुलीकडे पाकिटं खाऊन जीभ मेली होती माझी. पोरांनो, इयान म्हणजे काय ते बघून घ्या!"

इया फोलुसोचं डोकंच फिरलं. तिनं आतून रिकामं पाकीट आणलं आणि त्यांच्या ताटाशेजारी आदळलं.

"हे घ्या तुमचं वरचं शेत! गेले दहा दिवस सगळे हेच गिळताय!"

मास्तरांचा घास हातातच राहिला.

"मग ते कांडणं?" ड्रायव्हरनं विचारलं.

"बकरीसाठी!"

मास्तरांनी घसा खाकरला. पडलं तरी नाक वर! "असू दे. पाकीट तर पाकीट. पण बाई, कांडायचं मात्र थांबवू नकोस. तो आवाज कानावर पडल्याशिवाय आम्हाला जेवल्यासारखं वाटत नाही."

"आवाज हवाय? या मग!"

वडीलधाऱ्या माणसाचा असा हात धरायचा नसतो, पण तिनं धरला, त्यांना थेट अंगणात नेलं आणि मुसळ हातात दिलं. उखळात आजच्या फोडी होत्या. मागोमाग सगळी बाकं रिकामी करून माणसं दारात जमली.

मास्तरांनी पहिले चार घाव ऐटीत घातले. दहाव्याला श्वास लागला. विसाव्याला मुसळ काठावर आपटलं. फोडी नुसत्या भरडल्या गेल्या होत्या, गोळ्याचा पत्ताच नव्हता. ते पायरीवर बसले आणि स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिले. कोणी हसलं नाही.

"इया फोलुसो," ते हळू आवाजात म्हणाले, "रोज किती वेळ कांडायचीस गं तू?"

मऊ झालंय, चिकट झालंय, छान झालंय, हे तीस वर्षं सगळ्यांनी सांगितलं होतं. हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

"तीन तास," ती म्हणाली. "रोज तीन तास, मास्तर." आणि ती उखळाशेजारी मटकन बसली आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडायला लागली.