फळीवरचे एकोणीस कागद

१४ ऑक्टोबर १९९८. दिवाळीची आवराआवर. स्वयंपाकघरातल्या फळ्या पुसल्या, आता त्यांवर कागद अंथरायचे. वर्तमानपत्रं संपली म्हणून माळ्यावरचं खोकं काढलं, तर त्यात हे निघाले — कडेला भोकं असलेले, कम्प्युटरचे लांबलचक कागद. एकोणीस. यांच्याबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. फळ्या वाळेपर्यंत वेळ आहे. तुम्हाला सांगते.

मी आदिलाबादला कॉलेजात फिजिक्स शिकवते. पीएचडी हैदराबादला केली, १९८३ साली. विषय — कॅसेटच्या तपकिरी पट्टीवरचे चुंबकीय कण. प्रत्येक कण म्हणजे बारीकसं लोहचुंबक. बाहेरून चुंबकाचा जोर लावला की तो उलटतो. पण तो एकटा नसतो. शेजारचा त्याला ओढतो, तो शेजारच्याला. या ओढाताणीचं गणित मांडायचं आणि प्रयोगशाळेत मोजलेल्या आलेखाशी जुळतं का ते पाहायचं. माझं काम एवढंच.

कण सुरुवातीला कसे पसरलेत, हे दर वेळी वेगळं धरावं लागे, म्हणून उत्तरही दर वेळी थोडं वेगळं येई. मी कम्प्युटरवर वीस वेळा गणित चालवलं. एकोणीस वेळा ते मोजलेल्या आलेखापासून एकाच बाजूला लांब गेलं. एकदा जुळलं — रेघेवर रेघ. वीसही दाखवायला हवे होते. माझ्या मांडणीतच काहीतरी कमी आहे, असं लिहायला हवं होतं. मी प्रबंधात जुळलेला तेवढा छापला. नेहमी असंच येतं, असं लिहिलं.

एवढंच असतं, तर मी खोटारडी, इतकंच. पण पुढे सुमन आली.

सुमन महाराष्ट्राच्या सरहद्दीवरच्या गावची, कापूस-ज्वारी करणाऱ्या घरातली, माझी विद्यार्थिनी. मीच तिला पीएचडीसाठी हैदराबादला माझ्या गाईडकडे पाठवलं. माझ्या गणितावर तिला पुढचं काम करायचं होतं. तिचं जुळेना. कसं जुळणार? सुट्टीत ती कागदांचं गाठोडं घेऊन आदिलाबादजवळच्या मावल्याला माझ्या घरी येई. एकदा वडीलही आले. म्हणाले, "कापसाचा बोरा तं मंडीत इकता येते बाई, ह्या कागदाचं काय करू?" सुमन हसली नाही. तिनं विचारलं, "मॅडम, माह्यंच काई चुकून राह्यलं ना?"

तिचे कागद मी पाहिले होते. एकही चूक नव्हती. ते माझ्या एकोणीसांसारखेच होते — त्याच बाजूला झुकलेले.

मी चहा गाळत होते. 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, "हो, तुझंच. पुन्हा तपास."

तिनं तीन वर्षं तपासलं. गाईडनी मला विचारलं, मुलगी निष्काळजी आहे का? मी गप्प राहिले. गप्प राहणं म्हणजे हो म्हणणं — हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. शिष्यवृत्ती संपली, ती परत आली, लग्न झालं. आता इथेच मावल्यात सासरचा भाजीमळा बघते.

तिची मुलगी चौथीत आहे. सुमन तिला मराठी शिकवते, तेलुगूसुद्धा शिकवते. गणित नाही. गणितासाठी तिला रोज सकाळी माझ्याकडे आणून सोडते. "माह्यानं चुकते," म्हणते. हे तिच्या डोक्यात कुणी घातलं?

गाईड अजून आहेत. पत्ता माझ्याकडे आहे. एक पान पुरेल. इतक्या वर्षांत लिहिलं नाही. आता लिहीन, असंही मला वाटत नाही. तिची ती वर्षं गेली — पत्रानं काय परत येणार? हेही मी सोयीनंच म्हणते, ते मला कळतं.

१५ ऑक्टोबर. सकाळी कागद फळ्यांवर अंथरले. छापील बाजू खाली. वर डबे मांडले. साडेसातला सुमन मुलीला घेऊन आली. मेथीची जुडी ओट्यावर ठेवताना तिला कागदाच्या कडेची भोकं दिसली.

"अगं बाई, आपले कागदं! आखरीले कामी आले तं, मॅडम," ती म्हणाली आणि हसली.

मी मुलीला वही उघडायला सांगितली.