अॅन इस्प्रिंग

जिजीने मला इंग्रजीतले ‘ए’, ‘अॅन’ आणि ‘द’ शिकवले, आणि मी त्यात चुकले तेव्हा पेढीवर येऊन ती चूक आपली म्हणून सांगितली. इंदुरात मी राहिले ती तिच्यामुळे. हे आधी सांगते आणि मग बाकीचं.

जिजी म्हणजे माझ्या मावशीची घरमालकीण. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. घराणं संस्थानच्या नोकरीतलं, पिढ्यान्‌पिढ्या इंदूरचं, त्यामुळे तिची मराठी सुरुवातीला मला अर्धीच कळे. “कपडे सुखले का, देख जरा,” असं ती जिन्यावरून म्हणायची आणि मी नुसती बघत राहायची.

मी कोकणातली. वडील गेल्यावर शाळा आठवीत सुटली. पुढे भावाच्या घरी होते. वहिनी काही बोलत नसे, पण पानावर दुसऱ्यांदा भात घेताना मला तिच्याकडे बघावंसं वाटत नसे. मावशीने बोलावून घेतलं आणि टायपिंगचा क्लास लावून दिला. नोकरी लागली नाही तर दिवाळीआधी परत धाडायचं, हे काकांनी सांगून ठेवलं होतं. ते रागाने बोलले नव्हते. दोन खोल्यांत आधीच पाच माणसं होती.

राजवाड्यामागे एक पेढी होती. ती गिरण्यांना यंत्रांचे सुटे भाग पुरवायची, आणि तिथे टायपिस्ट हवी होती. कळफलकावर माझी बोटं बरी चालत. अडचण वेगळीच होती. पेढीचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे बडे बाबूजी म्हणत, ते मजकूर सांगताना ‘ए’ आणि ‘द’ गिळून टाकत. “सेंड इस्प्रिंग फॉर लूम,” एवढंच सांगायचे. मधले शब्द टायपिस्टने आपल्या अकलेने भरायचे. क्लासमध्ये मी छापलेलं तसंच उतरवत आले होते. कुठे ‘ए’ आणि कुठे ‘द’, ते मला कळतच नव्हतं.

मावशीने मला जिजीकडे पाठवलं. जिजी भुट्टे किसत बसली होती. मलाही एक किसणी दिली.

“हे बघ,” ती म्हणाली, “गोष्ट कशी सांगतेस? एक होता राजा. मतलब, अजून ओळख नाही. तो ‘ए किंग’. मग त्या राजाला दोन राण्या होत्या. आता ओळख झाली. ‘द किंग’. बस.”

मी विचारलं, “मग आटपाट नगराला ‘एक’ का नाही? नुसतंच ‘आटपाट नगर होतं’ म्हणतात.”

जिजी किसायची थांबली. “वो तो सगळ्यांना माहीतच असतं,” ती म्हणाली आणि हसली. “इंदूरसारखं. राजधानी होतं तेव्हा हे पण ‘द’ होतं. आता भोपाळ ‘द’ झालं, आम्ही ‘ए’ झालो.” राज्य नवीन झालं होतं आणि राजधानी गेल्याची गोष्ट इंदुरात कशावरूनही निघे.

मग ‘अॅन’ची पाळी आली. तिथे तिने मला नियम दिला, की लिहिलेलं बघायचं नाही, तोंडातून निघतं ते ऐकायचं. सुरुवातीला अ, आ, इ असं काही ऐकू आलं तर ‘अॅन’. म्हणून ‘अॅन अवर’, पण ‘ए युनिव्हर्सिटी’. मला हा नियम फार आवडला. स्पेलिंग मला दगा देत असे, पण कान चांगले होते.

पेढीवरच्या परीक्षेच्या दिवशी बडे बाबूजींनी मजकूर सांगितला. मी प्रत्येक शब्द मनात म्हणून बघितला आणि टाइप केला. त्यांनी कागद हातात घेऊन मोठ्याने वाचला. “अॅन इस्प्रिंग, अॅन इस्क्रू, अॅन इस्पिंडल. बढिया.” आणि सहीसाठी आत पाठवला.

आत मद्रासकडचे मॅनेजर होते. कागद तांबड्या शाईने भरून परत आला, प्रत्येक ‘अॅन’ खोडून ‘ए’ केलेला. बडे बाबूजींनी तो पुन्हा वाचला आणि त्यांना पुन्हा काही चूक दिसली नाही. “साहब का माथा फिर गया है,” एवढं ते हळूच म्हणाले. मला मात्र दुसरी बाई बघतो आहोत असं सांगण्यात आलं.

घरी येऊन तो कागद मी जिजीपुढे ठेवला. तिने ओठ हलवत तो दोनदा वाचला. मग कोपऱ्यात इंग्रजीत ‘स्टेशन’ लिहून म्हणाली, “ए मुली, हे तू कसं म्हणतेस?”

“इस्टेशन.”

“गावी काय म्हणायचीस?”

“टेशन. इथे मुलं हसली म्हणून सोडलं.”

“तेच बरं होतं गं,” जिजी म्हणाली. “आमच्या जिभेने तुझे कान बिघडवले. हा पुढचा ‘इ’ इंग्रजीत नाहीच. तो इंदूरचा आहे.”

दुसऱ्या दिवशी शाळेतून रजा घेऊन ती माझ्याबरोबर पेढीवर आली. मी नको म्हणत होते. शिकवणाऱ्या बाईने तिथे जाऊन कमीपणा घ्यावा हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मॅनेजरसाहेबांपुढे ती उभीच राहिली. “साहब, लडकी ने नियम सही लगाया. जुबान हमारी गलत है.”

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. “मॅडम, आप कहाँ पढाती हैं?”

“इस्कूल में,” जिजी म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. बडे बाबूजी छताकडे बघायला लागले. साहेबांच्या मिशा जराशा हलल्या. त्यांनी मला यंत्रापुढे बसवलं आणि या वेळी मजकूर स्वतः सांगितला. मी प्रत्येक शब्दाचा पुढचा ‘इ’ आधी मनातल्या मनात छाटत होते, त्यामुळे वेळ फार लागला. कागद वाचून झाल्यावर ते म्हणाले, “सोमवार से आइए.”

परत येताना काकांना कसं सांगायचं ते मी ठरवत होते. जिजी तिच्या पुढच्या तासाचा विचार करत असावी, कारण ती मधूनच ‘स्प’, ‘स्क’ असं पुटपुटत होती. मी तिला विचारलं, “मी तुम्हाला काय देऊ?”

“वेडी आहेस का,” ती म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर मात्र स्वतःच बोलली. “समुंदर दाखव कधी. नर्मदेपेक्षा मोठं पाणी मी बघितलंच नाही.”

अजून जमलेलं नाही. मला सुट्टी मिळते तेव्हा तिची शाळा असते, आणि भावाच्या घरी पाहुणी घेऊन जायचं तर आधी त्याला विचारायला हवं, ते मी अजून विचारलेलं नाही. पण विचारणार आहे. जिजीला मी आमच्या गावच्या किनाऱ्यावर नेईन आणि तिला हवं तितका वेळ तिथे बसवीन.