पाळीच्या दुसऱ्या दिवशी, चांदवड ते नाशिक

पाळीच्या दुसऱ्या दिवशी या, असे डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवले होते. त्यामुळे या प्रवासाचा दिवस आम्ही ठरवलाच नाही, माझ्या शरीराने ठरवला. सकाळी चांदवडच्या स्टँडवर मी आणि माझा नवरा प्रमोद नाशिकच्या गाडीची वाट पाहत उभे होतो. पोटात कळा होत्या, आणि कळांपेक्षा खोल भीती होती. घरी सासूबाईंना बँकेचे काम म्हणून सांगितले होते.

लग्नाला पाच वर्षे झाली. दोघांच्या तपासण्या झाल्या, त्याची आधी, कारण तो माझा हट्ट होता. दोघांतही दोष निघाला नाही. कारण सापडत नाही, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझे वडील अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीतले; मी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून वाढलेली मुलगी. वडिलांच्या पत्रकांत प्रत्येक गोष्टीला कारण असे आणि प्रत्येक कारणावर उपाय. कारणच नसेल तर माणसाने काय करावे, हे त्यांत कुठे छापलेले नव्हते.

सासूबाईंकडे मात्र कारण तयार होते. आमच्या घरात बाई ‘बाहेरची’ (पाळीत) असली की तिने स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचे नाही. मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ठेवले आणि तेव्हापासून दर महिन्याला ठेवते. त्या भांडत नाहीत. मागच्या पडवीत वेगळी शेगडी मांडतात, तिच्यावर स्वतःपुरती भाकरी भाजतात आणि शेजारणीला सांगतात, “चुलीला विटाळ हाय, मग कसं पोर व्हईल?” आवाज माझ्यापर्यंत पोचेल एवढाच असतो.

गाडी पिंपळगावजवळ कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे अडकली. दोन्ही बाजूंना नुकत्याच छाटलेल्या द्राक्षबागा होत्या. हातमोजे घातलेल्या बायका काडीकाडीला औषध लावत चालल्या होत्या. डोळे (काडीवरच्या कोंबाच्या जागा) एकसारखे फुटावेत म्हणून ते लावतात, असे प्रमोद सांगू लागला आणि मध्येच गप्प झाला. 

दवाखान्याच्या बाकांवर बायका होत्या, त्यांचे नवरे बाहेर फोनवर. कुणी कुणाकडे बघत नव्हते. माझ्या शेजारी सिन्नरची एक बाई होती. तिची ही तिसरी खेप. तिने आपली पाण्याची बाटली माझ्यापुढे केली.

“पहिल्या खेपेला मीबी लय भ्याले, ताई,” ती म्हणाली. “आता समदं करते. सुया घेते, पूजा घातली, त्या दिवसांत बाजूलाबी बसते.”

सुयांबरोबर ते कशाला, असे मी विचारले. एरवी विचारते तेवढ्या तावाने नाही विचारले.

“नाय राहिलं तर उद्या कुणी म्हणाया नको, हिनं अमकं केलं नाय. मला सोताला तर म्हणायाच नको.”

यावर माझ्याकडे उत्तर होते. भाषणे केली आहेत मी यावर. पण नाव पुकारले गेले आणि मी उठले.

रक्त जात असताना आतून सोनोग्राफी करतात हे मला ठाऊक होते. ठाऊक असण्याचा टेबलावर काही उपयोग होत नाही. मी छताकडे बघत राहिले. बीजकोशात गाठ दिसली तर हा महिना गेला, असे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितले होते. पडद्यावरचे काळे ठिपके त्यांनी एकेक करून मोजले. मग म्हणाल्या, ठीक आहे, आजच सुरू करू. मला आनंद व्हायला हवा होता. भरली ती धडकी.

पहिली सुई नर्सने पोटावर टोचली. बाकीच्या मी घरी, रोज संध्याकाळी, स्वतः घ्यायच्या. थर्माकोलची पेटी हातात देत तिने बजावले की औषध फ्रीजमध्येच ठेवायचे, पण बर्फाच्या कप्प्यात नाही, गोठले तर वाया. मी मान डोलावली. आमचा फ्रीज स्वयंपाकघरात आहे, हे मला तिथे, तेव्हा आठवले.

बाहेर प्रमोदने मिसळ मागवली. नाशिकची मिसळ दोघांनी अर्धी टाकली, हे याआधी कधी झाले नव्हते. परतीच्या गाडीत पेटी त्याच्या मांडीवर होती. कंडक्टरने “कुल्फी का?” असे विचारले, तर प्रमोद हो म्हणाला. “मग चांदवडपर्यंत बासुंदी होईल,” कंडक्टर म्हणाला. आम्ही दोघेही हसलो, जरा जास्तच.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई पडवीत भाकऱ्या भाजत होत्या. स्वयंपाकघर रिकामे होते. मी पेटी घेऊन दारापाशी गेले आणि थांबले. पाच वर्षांत तिथे कधी थांबले नव्हते. हा महिना फुकट गेला तर? सिन्नरची बाई माझ्या कानात बोलत होती.

“दे, मी ठेवतो,” प्रमोद हळूच म्हणाला. “आजच्या दिवस कशाला आत जातेस?”

मी पेटी त्याच्या हातात देणारच होते. तेवढ्यात पिठाचे हात घेऊन सासूबाई आल्या आणि यात काय आहे म्हणाल्या. बँकेतून कुणी पेटी आणत नाही. मी सांगून टाकले: मूल व्हावे म्हणून इंजेक्शने आहेत, रोज पोटात घ्यायची.

“पोटात?” त्यांनी माझ्याकडे बघितले, मग मुलाकडे. “आन हा काय घेतो?”

“काही नाही.”

“बरं हाय ह्याचं.” त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले. “मग ठेव की. नासंल ना ते.”

“मी बाहेरची आहे, आई.” हा शब्द मी त्या घरात पहिल्यांदा उच्चारला.

“पाच वर्षं तुला दिसलं नाय, आज दिसलं व्हय?” त्या म्हणाल्या, आणि तव्यावरची भाकरी करपत होती म्हणून पडवीत परत गेल्या.

आत ये, असे त्या म्हणाल्या नाहीत. नको, असेही म्हणाल्या नाहीत. शेगडीही विझवली नाही. मी उंबरा ओलांडला, मधल्या कप्प्यातले दुधाचे पातेले सरकवले, औषध ठेवले आणि फ्रीजला पाठ लावून उभी राहिले.

सकाळी निघताना मला सुईची भीती होती. ती सोपी होती. उद्यापासून सुई माझ्याच हातात असेल, आणि शेवटी काय निघेल ते कुणालाच माहीत नाही. जे निघेल त्याचे कारण माझे हे पाऊल नसेल, असे मी स्वतःला सांगितले. मग, विश्वास बसेना म्हणून, पुन्हा सांगितले.