किती-काकू आणि माझे बासष्ट टक्के

किती-काकूंना कुणाचंही नाव दुसऱ्या भेटीत कळायचं. पहिल्या भेटीत त्या टक्के विचारायच्या. नागोयाला नवं मराठी कुटुंब आलं की दारात चपला काढेपर्यंत काकूंचा प्रश्न तयार असे, "दहावीला किती?" मुलांचं झालं की आईला, आणि आईचं झालं की बिचाऱ्या बापालाही. हाताखाली मोठं खातं असलेला चाळिशीतला इंजिनिअर काकूंपुढे घसा खाकरून "त्र्याहत्तर, पण आमच्या वेळी पेपर कडक तपासायचे हो" असं सांगताना मी स्वतः पाहिला आहे. 'किती-काकू' हे नाव आम्हा पोरांनीच ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. "ठेवा, ठेवा. तेवढंच काहीतरी पाठ झालं तुमचं," असं म्हणायच्या.

डोंबिवलीच्या एका शाळेत त्यांनी बरीच वर्षं गणित शिकवलं होतं. काकांची बदली मोटारींच्या कारखान्यात झाली, म्हणून नोकरी सोडून त्या जपानला आल्या. शाळा सुटली, मास्तरकी काही सुटली नाही. समोर वर्ग नव्हता, म्हणून त्यांनी अख्खी इमारतच वर्गात घेतली. तिकडे जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. काकू सकाळी खाली जाऊन पिशव्या तपासायच्या, आणि चुकीच्या वारी ठेवलेली पिशवी ज्याची त्याच्या दाराशी परत नेऊन ठेवायच्या. जपानी शेजारीसुद्धा त्यातून सुटले नाहीत. एकदा इमारतीचे प्रमुख काकूंच्या दारात आले, तेव्हा आता बाईंची काही धडगत नाही म्हणून आम्ही जिन्यात कान देऊन उभे राहिलो. ते म्हातारे गृहस्थ कमरेत वाकून आभार मानून गेले. "कचरा वेगळा करता येत नाही आणि म्हणे इंजिनिअर," हे वाक्य मात्र काकूंनी खास आपल्या मंडळींसाठी राखून ठेवलं होतं.

अशा बाईला मी टाळायचे यात नवल नाही. मला बारावीला बासष्ट टक्के होते. आज मी हे सहज लिहिते, पण नव्वदच्या दशकातल्या त्या दिवसांत आमच्या घरात हा आकडा कुणी उच्चारत नसे. मला डॉक्टर व्हायचं होतं, ते सगळ्या नातेवाइकांना ठाऊक होतं, आणि बासष्टवालीला मुंबईतलं एकही मेडिकल कॉलेज दारात उभं करत नव्हतं. निकालानंतर आईने लग्नामुंजींना जाणं सोडलं. तेवढ्यात बाबांना नागोयाची बदली मिळाली आणि आम्ही तिघं जवळजवळ पळूनच आलो.

पण मराठी माणसं नागोयातही होतीच. पहिल्या गणपतीला, भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये, ऐन पंगतीत काकूंनी विचारलं, "बारावीला किती?" मी खाली मान घालून वरणभात कालवत राहिले. उत्तर बाबांनी दिलं. "अठ्ठ्याऐंशी. पण हिलाच जपानी शिकायचं होतं, म्हणून मेडिकलला घातली नाही." आई पाणी आणायला म्हणून उठली ती बराच वेळ आलीच नाही. काकू फक्त "छान" म्हणाल्या आणि पुढच्या पानाकडे वळल्या. त्या दिवसापासून मी नागोयाची अठ्ठ्याऐंशीवाली झाले. लोक आपल्या मुलांना माझं उदाहरण द्यायचे, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

घरात जीव गुदमरायला लागला, म्हणून मी भाषेचा वर्ग लावला आणि पुढे जवळच्या वृद्धाश्रमात आरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, धरलं. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, अंथरुणाला खिळलेल्यांची कूस बदलायची, पाठीवर कुठे लालसर दिसलं तर नर्सला सांगायचं. चार वर्षं मी ते केलं. तिथे तपासायला येणारे डॉक्टरच एक दिवस म्हणाले, की इथल्या एका विद्यापीठात मेडिकलला परदेशी विद्यार्थ्यांसाठी एखाद-दुसरी जागा असते, तू अर्ज कर. शाळेचे मार्क बघायचे, पण लेखी परीक्षा आणि मुलाखतही असायची. मी जुनी पुस्तकं काढली, घासून अभ्यास केला आणि लेखी परीक्षेतून निभावले. राहिली मुलाखत. तयारीसाठी बाबांनी मला कुणाकडे पाठवावं? आमच्यात उत्तम जपानी बोलणारी मास्तरीण एकच होती.

काकूंनी जेवणाच्या टेबलावर मुलाखत मांडली. शेजारी काकांना कोट घालून बसवलं. "तुम्ही बोलायचं नाही, नुसतं गंभीर दिसायचं," त्यांना बजावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बारावीला किती?"

"अठ्ठ्याऐंशी."

"अठ्ठ्याऐंशीवाली पोर अशी टेबलाच्या पायाकडे बघून बोलत नाही गं, वृंदा."

मला रडू फुटलं. हुंदक्यांमध्ये केव्हातरी मी बासष्ट म्हणाले. काका कोटासकट उठून चहा टाकायला गेले.

"ठाऊक आहे मला," काकू म्हणाल्या. "तुझे बाबा आकडा सांगताना पानातल्या मिठाकडे बघत होते. अख्खं आयुष्य पोरांची तोंडं बघून ओळखलंय मी, गृहपाठ कुणी केला नि कुणी नाही ते."

"मग तुम्ही कधीच कुणाला बोलला नाहीत?"

"बोलले की. लोकांनी मला विचारलं तेव्हा अठ्ठ्याऐंशीच सांगितलं. बापाने पोरीसाठी टाकलेला शब्द मी कशाला खाली पाडू?"

टक्क्यांच्या बाबतीत काकू खोटं बोलल्या होत्या, आणि तेही माझ्यापायी. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग त्यांनी शिकवायला घेतलं. "मार्क त्यांनी विचारायच्या आधी तूच सांगायचे. पुढे 'पण' लावायचा नाही. आणि आश्रमातलं काम नीट सांगायचं." मी म्हणाले, "त्यात काय काकू, असंच आपलं थोडंफार करते." त्यांनी टेबलावर हात आपटला. "चार वर्षं परक्या म्हाताऱ्यांचं गू-मूत काढलंस ते असंच? मार्क कमी म्हणून ते लपवतेस आणि काम मोठं म्हणून तेही लपवतेस. मग त्या लोकांनी बघायचं तरी काय?"

मुलाखतीत मार्क मी सांगितले. तिघा प्रोफेसरांपैकी मधल्याने मग आश्रमातलं काम विचारलं. आमच्या घरात स्वतःचं स्वतः सांगणं म्हणजे आगाऊपणा, आणि जपानीत तर आपलं काम क्षुल्लक म्हणायची वाक्यं तयारच मिळतात. ती माझ्या जिभेवर बसलेली होती. मी झुकून म्हणाले, "विशेष काही नाही, थोडीशी मदत करते इतकंच." जपानी मुलगी असं म्हणाली असती तर त्यांनी कदाचित खोदून विचारलं असतं. माझं त्यांनी खरं मानलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. मला प्रवेश मिळाला नाही.

निकालानंतर लगेच पाडवा होता. सगळे त्याच हॉलमध्ये श्रीखंड-पुरीला जमले आणि माझ्यावरून रान उठलं. बाबांच्या ऑफिसातले साठ्ये सगळ्यात तापलेले. "अठ्ठ्याऐंशी टक्के आणि नाकारतात म्हणजे काय? भारतीय म्हणून डावललं पोरीला. वकिलातीला लिहू या, मसुदा मी करतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबा वाटीतलं श्रीखंड ढवळत बसले होते. काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुऱ्या वाढत राहिल्या. त्या प्रोफेसरांवर खोटी तक्रार जाणार होती, आणि ती थांबवू शकणारे आम्ही घरचे आणि काका-काकू एवढेच होतो.

"मला बारावीला बासष्ट होते," मी म्हणाले.

बाबा उठले आणि बूट घालून बाहेर गेले. "साठ्ये, तुम्ही इंजिनिअरिंगला किती वेळा बसलात ते मला ठाऊक आहे," काकू म्हणाल्या, "तेव्हा आता पुरी घ्या." पण हसलं कुणीच नाही. भुयारी रेल्वेने घरी येताना बाबा डब्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. मी खरं बोलले होते, तरी भर पंगतीत बापाचा पंचा सोडल्यासारखी मला स्वतःचीच लाज वाटत होती. त्यानंतर बाबा कुठल्या मराठी घरी गेले नाहीत. त्या उन्हाळ्यात काका-काकू कायमचे परत निघाले, तेव्हा निरोप द्यायलाही आले नाहीत.

विमानतळावर काकूंनी माझा हात धरला. "पुन्हा बसायचं. या खेपेला 'असंच' म्हणालीस तर डोंबिवलीहून येऊन कान धरीन. आणि भाऊजींना सांग, मी रागावलेली नाही." मी घरी येऊन निरोप सांगितला. बाबा पेपर वाचत राहिले.

पुढच्या वर्षीच्या मुलाखतीत मी सगळं सांगितलं. कूस कशी बदलतात, जखम होण्याआधी कातडी कशी दिसते, सगळं. हायाशी-सान नावाचे आजोबा जेवणाला तोंड लावत नव्हते आणि सगळे त्याला वयाचा हट्ट म्हणत होते. त्यांना कवळी टोचत होती, हे त्यांच्या गालाच्या हालचालीवरून मला कळलं होतं, तेही सांगितलं. माझे कान गरम झाले होते. मधले प्रोफेसर लिहून घेत होते.

प्रवेश मिळाल्याचं कळताच मी डोंबिवलीला फोन लावला. पलीकडून आधी नाक ओढल्याचा आवाज आला, मग काकू म्हणाल्या, "बाबांना दे."

बाबांनी उभ्यानेच रिसीव्हर घेतला. "वहिनी, मी..." एवढंच म्हणाले आणि पुढे नुसतं ऐकत राहिले. त्या काय बोलल्या ते त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. शेवटी म्हणाले, "नाही, तुम्ही कुणाला सांगू नका. मी सांगतो."

फोन ठेवला आणि तिथेच खुर्ची ओढून त्यांनी पुन्हा नंबर फिरवला. आईने गॅस बंद केला. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतो.

"साठ्ये, मी बोलतोय," बाबा म्हणाले. "वृंदाला मेडिकल मिळालं. हो, बासष्ट टक्क्यांवरच. ते अठ्ठ्याऐंशी माझ्या मनचे होते, साठ्ये. मला लाज वाटली होती तिची. आता माझी वाटते."