नानाचं वळण

आत्ता गाडीतून उतरता उतरता त्या वळणाला तुम्ही जी शिवी हासडलीत ना, ती मी ऐकली. राग नाही. रोज ऐकतो. चांगला सरळसोट बायपास, दोन्ही बाजूंना मोकळं रान, ना डोंगर ना नदी. आणि मधेच हा रस्ता प्यायल्यासारखा एका अंगाला कलतो आणि पुन्हा सरळ होतो. का? इंजिनिअरला डुलकी लागली होती? नाही हो. त्या वळणाचा कर्ताकरविता तुमच्यासमोर बसलाय. बसा, चहा सांगितलाय. ऐका, आणि हसायचं ते शेवटी हसा.

आमचं गाव लासलगावच्या वाटेवर. कांद्याचा हंगाम आला की गावातून ट्रॅक्टरांची अशी रांग लागायची, की वेशीवरची म्हातारी ट्रॉल्यांवर पाय ठेवत ठेवत दुसऱ्या टोकाच्या लेकीकडं गेली असती. गावात फोन एकच होता तेव्हाची गोष्ट. सरकारला एकदाची दया आली आणि बायपास मंजूर झाला. नकाशा चावडीवर लागला. बघतो तर काय, रस्ता बरोबर माझ्या शेतातून.

शेत म्हणजे म्हणायला शेत. बांधाला बांध लागून माझा चुलतभाऊ केदू, त्याची जमीन काळीभोर. माझी नुसती खडकाळ. आजोबा एकच, पण वाटणीला चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या चिठ्ठीत दगड निघाले. तिथं बाजरी पेरली तर उगवायची, पण लाजत लाजत.

आणि आमची मंगल, म्हणजे आमची मंडळी, लग्न झाल्यापासून पत्र्याच्या घरात. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की पापड अंगणात न्यावे लागत नसत, घरातच वाळायचे. तिनं माझ्याकडं जन्मात एकच गोष्ट मागितली होती, स्लॅबचं घर. साडी नाही, डोरलं नाही. भूसंपादनाची नोटीस आली तेव्हा तिनं त्या कागदाला हळदकुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवला.

आता मला सांगा, साध्या माणसानं काय केलं असतं? दगड दिले असते, पैसे घेतले असते, घर बांधलं असतं. पण मी साधा नव्हतो ना. मी हुशार होतो. आणि वर मला सोपानतात्या भेटला.

तात्याची जमीन मागं कालव्यात गेली होती. तेव्हापासून सरकार या विषयातला तो गावचा जाणकार.

"नाना, हरकत घेतली का?" त्यानं पारावर विचारलं.

"हरकत कशाला तात्या? मला तर जमीन द्यायचीच हाय."

"हळू बोल. द्यायचीच हाय म्हणला की भाव पडला. मार्केटला लोक कांदा नेत्यात तवा काय करत्यात?"

मार्केटला काय करतात, ते तुम्हालाही सांगतो. लिलावात व्यापारी पहिला भाव पाडून बोलतो. मग आपण काय करायचं? काही न बोलता ट्रॅक्टरवर चढायचं, चावी फिरवायची आणि म्हणायचं, माल माघारी नेतो. खरंच न्यायचा नसतो हो. पण धुराडं भकभकलं की व्यापारी मागून येतोच. "ओ पाटील, थांबा, किती म्हणताय?" आमच्याकडं पोरांना बाराखडीच्या आधी हे येतं.

"तसंच सरकार बी," तात्या म्हणाला. "नाय देत म्हणायचं. मागून येतंय ते."

"आणि सरकारनं ऐकलं तर?"

तात्या इतका हसला की त्याची टोपी पडली. "अरं, कालव्याच्या वक्ताला आख्ख्या तालुक्यानं हरकत घेतली. एकाची बी ऐकली नाय. सरकार कुणाचं ऐकतं व्हय रे?"

पटलं मला. तुम्हालाही पटलं असतं. सूर्य पूर्वेला उगवतो आणि सरकार ऐकत नाही, यावर तर आपलं सगळं चाललंय.

सुनावणीच्या दिवशी प्रांत कचेरीत अर्धं गाव. एकेक जण पुढं जायचा, "जमीन द्यायची नाय साहेब," एवढं पुटपुटायचा, साहेब मान हलवायचे, कारकून लिहून घ्यायचा, पुढचा. मला लाज वाटली. अशी मेंगळट हरकत? एवढ्या आवाजाला तर कांद्याचा व्यापारी वळून बघत नाही.

मी तयारीनं गेलो होतो. तात्यानं सांगितलं होतं, नुसता बोलू नको, रुमालात शेतातली माती ने. पहाटे शेतात गेलो, तर माती कुठाय? मुरूम आणि गोटे. साहेबांपुढं काय गोटे ठेवू? मग बांध ओलांडला आणि केदूच्या कांद्याच्या वाफ्यातून खुरप्यानं ओंजळभर काढली. म्हटलं, आजोबा तर एकच. घाईत त्यात एक कांदाही कापला गेला, तोही आला रुमालात.

माझं नाव पुकारलं. मी टेबलावर रुमाल सोडला आणि म्हणालो, "साहेब, ही माझी आई. हिच्या अंगाखांद्यावर मी वाढलो. आईचा भाव करता का तुम्ही?"

कारकुनानं लेखणी खाली ठेवली. मला चेव आला. नांगराचं बोललो, बैलांचं बोललो. बैल माझ्याकडं कधीच नव्हते, पण बोलण्याच्या ओघात आले. मधे डोळ्याला हात लावला, तर हाताला कांद्याचा रस. डोळ्यांतून अशा धारा लागल्या की थांबता थांबेनात. मागच्या बाकावर दोघा-तिघांनी उपरण्यानं नाकं पुसली.

आता आमचं नशीब बघा. साहेब नवीन होते. तरुण, चष्मा, अजून खुर्चीचं वारं न लागलेले. ते चक्क उठून उभे राहिले. माती चिमटीत घेऊन चोळली, वास घेतला. स्थळपाहणी म्हणतात ना, ती त्यांनी त्या रुमालातच केली. चष्मा पुसत म्हणाले, "बाबा, अशी जमीन डांबराखाली घालणं पाप आहे."

मी मागं बघितलं. तात्या दोन बोटं वर करून दाखवत होता. भाव दुप्पट.

येताना जिलेबी घेतली. आणि दुसऱ्या दिवशी घर पाडायला काढलं.

"पैसे हातात येऊ द्या की," मंगल म्हणाली. "मग पाडू."

"अगं, लग्न ठरल्यावर मांडवासाठी वाट बघतात का?"

पत्रे उतरवून विकले, भिंती पाडल्या, पाया खोदला आणि बिऱ्हाड आजोबांच्या वेळच्या रिकाम्या कांद्याच्या चाळीत हलवलं. कांदा टिकावा म्हणून चाळीला चारी बाजूंनी फटी ठेवतात, वारा खेळावा म्हणून. कांद्याला तो वारा मानवतो. माणसाला आमच्याकडच्या थंडीत नाही मानवत. पण मंगलची तक्रार नव्हती. तिनं फटींना गोणपाटं लावली आणि रोज संध्याकाळी त्या पायाच्या खड्ड्यात उभी राहून मला दाखवायची, इथं ओटा, इथं न्हाणी, इथं खिडकी.

मग चावडीवर शेवटची यादी आली. आमचे तलाठी भाऊसाहेब वाचत होते. कुणाकुणाचे गट गेले, कुणाची विहीर गेली. केदूचं नाव आलं. माझं येईना. यादी संपली, भाऊसाहेबांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं बघून हसले.

"नाना, पेढे काढा. तुमची हरकत मान्य झाली. आख्ख्या गावात तुमच्या एकट्याची. साहेबांनी रस्ताच वळवला. तुमचं शेत सोडून केदूच्या रानातनं नेला."

मी मटकन खाली बसलो. लोक म्हणाले, आनंदानं बसला.

तात्याकडं बघितलं. तो म्हणाला, "सरकार बिघडलं रे नाना. पहिल्यासारखं राहिलं नाय."

पुढं ऐका, अजून संपलं नाही. गावानं माझा सत्कार ठेवला. सरकारला नमवणारा माणूस म्हणून शाल, नारळ, हार. मी काय सांगू त्यांना? मला नमवायचं नव्हतं, विकायचं होतं? हार घालायला केदूच पुढं आला. हार घालताना कानाशी लागला.

"नाना, एक इचारू? रुमालातली माती कुठली व्हती? माझा वाफा उकरलेला दिसला मला."

मी हारातली फुलं मोजायला लागलो.

"लय उपकार झाले," तो म्हणाला. "बागायतीचा दर लावला मला."

वर लोकांनी मला दोन शब्द बोलायला लावलं. काय बोलणार? पुन्हा आईच. टाळ्या पडल्या. बायकांत मंगल उभी होती. तिनं टाळी वाजवली नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली. खरं सांगतो, मी सापाला भीत नाही, पण ती नजर आठवली की आजही मला मान वर करवत नाही.

नंतर लांबलांबच्या गावांची माणसं यायला लागली. नाना, आमची जमीन वाचवा, कशी हरकत घेतली ते सांगा. मी त्यांना चाळीत बसवून चहा द्यायचो. ते फाटक्या गोणपाटांतून आत येणारं ऊन बघायचे आणि म्हणायचे, बघा, किती साधा राहतो माणूस.

वर्षं गेली. घराच्या त्या पायाच्या खड्ड्यात पावसाचं पाणी साचायचं, बेडकं ओरडायची. केदूनं बंगला बांधला. आणि वळणावर हे हॉटेल टाकलं, जिथं आपण बसलोय. धंदा असा की विचारू नका. वळण आलं की ड्रायव्हर ब्रेक मारतो, ब्रेक मारला की समोर भजी दिसतात.

मग एकदा पुन्हा सरकार जागं झालं. रस्ता रुंद करायचा ठरला. आणि वरून शेरा आला, हे वळण धोक्याचं आहे, काढून टाका, रस्ता सरळ करा. सरळ म्हणजे कुठून? माझ्या दगडांतून.

मंगलनं पुन्हा नोटिशीला हळदकुंकू लावलं. पण या वेळी मला देवापुढं बसवलं.

"तोंड उघडायचं नाही. हो सुद्धा म्हणायचं नाही. नुसती मान हलवायची."

"आणि बोलावं लागलं तर?"

तिनं स्वतःच्या हातानं तंबाखू मळला, चुना लावला आणि माझ्या गालात असा बार भरला की आत जीभ हलायला जागा नाही. एरवी माझ्या तंबाखूवरून घर डोक्यावर घेणारी बाई ती.

सुनावणी ग्रामपंचायतीत होती. या वेळी अधिकारी मॅडम होत्या. त्यांनी माझं नाव घेतलं. "काका, तुमची काही हरकत?"

मी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही, अजिबात नाही. मॅडम लिहिणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"मॅडम, एक मिन्ट." केदू. हात जोडून उभा. "हे आमचे थोरले बंधू. ते काय बोलतील? मागच्या वक्ताला यांनी भर कचेरीत मातीचा रुमाल सोडला, आईचा भाव करता का म्हणले. सगळी कचेरी रडली. आज बघा, बिचाऱ्यांच्या तोंडातनं शब्द फुटत नाय. नुसती मान हलवतात, नाय म्हणून."

मी उठलो. बोलायचं तर आधी थुंकायला हवं, आणि थुंकायचं कुठं, मॅडमपुढं? बरं, मागं भिंतीवर पाटी, थुंकण्यास मनाई. मग केला धीर आणि गिळलं. काय सांगू, ठसका लागला, डोळे लाल, नाकाडोळ्यांतून पाणी. मी छाती बडवतोय आणि आख्खं गाव बघतंय, नाना आईसाठी छाती बडवतोय.

मॅडमनी स्वतःचा पाण्याचा ग्लास माझ्यापुढं सरकवला. "राहू द्या काका," त्या म्हणाल्या. "तुमच्या शेताला हात लागणार नाही. वळण राहू दे, आपण धोक्याच्या पाट्या लावू."

केदूनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. वळण गेलं असतं तर हॉटेल गेलं असतं, हे मला त्या ग्लासातलं पाणी पिता पिता कळलं. कळून काय उपयोग? त्याचा वाफा आधी मी उकरला होता.

घरी आलो. मंगल चाळीच्या दारात.

"बोललात?"

"एक शब्द नाही."

"मग?"

"केदू बोलला."

ती दाराला टेकली. मला वाटलं, आता रडेल. मग म्हणाली, "अहो, चाळीवर स्लॅब पडतो का हो?"

तर असं हे वळण. एस्टीचा कंडक्टरसुद्धा आता ओरडतो, चला, नानाचं वळण, उतरा. उतरणारा मीच असतो. या हॉटेलात माझ्याकडून चहाचे पैसे घेत नाहीत, तेवढाच काय तो मला मिळालेला मोबदला. तुमचेही देऊ नका, माझ्या नावावर आहेत.

आणि हो, जाता जाता एक. जमीन अजून आहे बरं का. ती काय, त्या धोक्याच्या पाटीच्या मागं. तुमच्या ओळखीत कुणी घेणारं असलं तर पाठवा. मी पहिल्यांदा नाही म्हणेन. सवय आहे हो. पण त्याला एवढं सांगा, की त्या म्हाताऱ्याचं ऐकू नको.