फाटक्या पाईपवर हरसूलपर्यंत

सकाळी साडेनऊला नाशकातल्या इंदिरानगरहून निघालो तेव्हा माझ्या पाठीवर बी.एड.ची गुणपत्रिका होती. अर्थात दुसऱ्याची. माझी शाळा नववीलाच सुटली.

घरमालकीण कांबळेबाई निवृत्त शिक्षिका. त्यांचा मुलगा सिद्धार्थदादा पहाटेच्या एसटीने हरसूलला गेला, शाळेतल्या नोकरीसाठी कागदपत्रं दाखवायला. आणि मूळ कागदांची फाईलच टेबलावर विसरला. एक वाजेपर्यंत फाईल पोचली नाही तर पुढच्या उमेदवाराला बोलावणार होते. इतकं शिकलेला माणूस इतकं कसं विसरतो, हे विचारायची माझी पायरी नव्हती. आरमोरीहून आलो तेव्हा ओळखपाळख नसताना बाईंनी खोली दिली, वर त्यांचे यजमान कांबळेसर यांच्या मागे राहिलेली जुनी मोटरसायकलही वापरायला दिली. तेव्हा निघालो. पोचेन याची खात्री मात्र नव्हती.

कारण गाडी महिनाभर आजारी होती. थंड असताना शहाणी. तापली की उभ्या उभ्या आपोआप रेस चढायची, मग खोकून बंद. नाशकात या आजाराचं निदान एकच, कार्बोरेटर. आमच्या मिस्त्रीने तो तीनदा खोलून धुतला. मी भीत भीत म्हणालो की इंजिनाजवळ सूं असा आवाज येतो. त्याने विचारलं, "शिक्षण किती?" नववी म्हटल्यावर म्हणाला, "मग आवाज मला ऐकू दे."

गंगापूर गेलं, द्राक्षबागा गेल्या. गिरणाऱ्यात टोमॅटोच्या क्रेटांच्या गर्दीत गाडी पहिल्यांदा बंद पडली. चहाच्या टपरीवरची चार माणसं कप खाली न ठेवता डॉक्टर झाली. एकाने पेट्रोलला दोष दिला, एकाने माझ्या चालवण्याला. मात्र कार्बोरेटरचा स्क्रू प्रत्येकाने फिरवला, कुणी डावीकडे, कुणी उजवीकडे. गाडी थंड झाल्यामुळे सुरू झाली, आणि श्रेय चौघांनी वाटून घेतलं.

वाघेरा घाटात ती पुन्हा मेली. पावणेबारा वाजले होते, मोबाईलला रेंज नव्हती. ढकलत एका पत्र्याच्या शेडपाशी आलो. तिथे एक म्हातारेबाबा फवारणीचे पंप दुरुस्त करत बसले होते. मोटरसायकलचं काम करत नाय, म्हणाले. पण उठून आले.

"काय झालं?"

"कार्बोरेटर," मी सवयीने म्हणालो.

"ते लोकांनी सांगितलं. तुला काय ऐकू येतं?"

एवढं मला या जिल्ह्यात कुणी विचारलं नव्हतं. मी सूं आवाजाचं सांगितलं. बाबा म्हणाले, पंपात दाब गेला की आम्ही आधी पाईप बघतो, पंप मागाहून खोलतो. मग मला रेस धरायला लावून, इंजिनाला हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळीच्या आसपास त्यांनी चुळकाचुळकाने, म्हणजे तळहातातून थोडं थोडं, पाणी सोडलं. त्या नळीतून करंगळीहून बारीक रबरी पाईप निघतो. त्याच्या टोकावर पाणी पडलं आणि सूं थांबलं. क्षणभर इंजिन शहाण्यासारखं चाललं.

"पाणी प्यायली बघ. इथूनच हवा चोरते."

पाईप वाकवून दाखवला. टोकाला भेगा पडल्या होत्या. तापला की त्या उघडत. बाबांनी फाटकं टोक कापलं, उरलेला पाईप ओढून बसवला, वरून बारीक तार आवळली. स्क्रू मात्र त्यांनी फिरवला नाही. जागेवर आणायला मलाच सांगितलं, कानाने. लय (फार) वेळ लागला नाही. निघताना घरातून नागलीची (नाचणीची) भाकरी आणि लसणाची चटणी हातावर आली. माझे डोळे भरून आले, चटणीवर ढकललं.

हरसूलला एकला दहा कमी असताना पोचलो. दादा गेटवर उभा, चेहरा पांढरा. फाईल तपासणारे साहेब आठवड्याच्या बाजारात भाजी घ्यायला गेले होते. ते अडीचला आले. कागद मात्र पाच मिनिटांत मंजूर.

परतताना दादा मागे बसला. नोकरी पक्की झाल्यावर माणसाला जो कंठ फुटतो, तो त्याला फुटला होता. घाट उतरेपर्यंत त्याने मला इंजिन समजावलं. शेवटी म्हणाला, "एवढी मऊ चालतेय म्हणजे कार्बोरेटरच साफ केलेला दिसतोय."

नेहमीसारखं "हो दादा" ओठांपर्यंत आलं होतं. घरापासून इतक्या लांब राहणाऱ्याला "हो" म्हणण्याची सवय लागते. त्यावर खोली टिकते.

"नाही दादा," मी म्हणालो. "पाईप फाटला होता. मला महिनाभर ऐकू येत होतं."

गिरणारे आलं तेव्हा दादा इंजिनाकडे कान लावून होता. मग त्याने पुढे वाकून विचारलं, "नेमकं कसं ऐकू येतं रे?"

मी गाडी बाजूला घेतली आणि त्याला ऐकायला शिकवलं.